डिस्क गेली, मुदत सुरू

मार्चअखेरीचा आठवडा होता. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबमधल्या एका पतसंस्थेतून फोन आला, सर्व्हर फार मंद चालतोय, व्याजाची आकारणी रात्रभरात पुरी होत नाही. गेलो. जिन्याखालची खोली, त्यात सर्व्हर, सर्व्हरवर कोऱ्या पावतीपुस्तकांचा ढीग आणि शेजारी पाण्याचा जार. समोरच्या चार डिस्कपैकी तिघींवर हिरवा दिवा, चौथीवर लाल.

"हा लाल कधीपासून?" मी विचारलं.

"तो व्हय?" शिपाईमामा म्हणाले. "दिवाळीपासनं लागायलाय की. आधी टीं टीं पण वाजायचं. मग साहेबांनी कुणाला तरी बोलावून आवाज बंद करून घेतला."

दिवाळी ते मार्च म्हणजे जवळजवळ पाच महिने. एवढे दिवस सभासदांच्या ठेवी, कर्जं, पिग्मी, सगळा हिशेब तीन डिस्कच्या भरवशावर चालला होता. त्यातली आणखी एक गेली असती तर हिशेब गेला असता. तरी कुणाचं काही चुकलं, असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण काम चालू होतं. अनेक डिस्क जोडून, एक गेली तरी काम चालू ठेवणाऱ्या या व्यवस्थेला रेड म्हणतात. रेडची खरी गोची हीच आहे. ते इतकं निमूटपणे सांभाळून घेतं की काही बिघडलंय हे कळतच नाही.

ज्यांच्या गळ्यात सर्व्हर असा पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे 'याला कंप्युटरमधलं कळतं' म्हणून जबाबदारी आलेला पतसंस्थेतला क्लार्क, कॉलेजातला लॅब असिस्टंट, आडत दुकानातला हिशेबनीस, दवाखान्यातल्या काउंटरवरचा मुलगा.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. तीन आकडे कागदावर लिहा आणि खाली बेरीज मांडा. आता एखादा आकडा खोडला तरी बेरजेतून बाकीचे वजा केले की तो परत मिळतो. रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. पतसंस्थेतल्या रेड ५ मध्ये साधारण हेच होतं, फक्त बेरजेच्या जागी संगणकाचं वेगळं गणित असतं आणि ती 'बेरीज' एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर फिरवून लिहिलेली असते. एक डिस्क गेली की तिच्यावरची प्रत्येक नोंद उरलेल्या तिघींकडून वाचून, गणित करून काढावी लागते. पतसंस्थेचा सर्व्हर मंद का झाला त्याचं उत्तर यातच होतं. रेड १ त्याहून सोपं, एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर. रेड १० म्हणजे अशा जोड्यांची रांग. रेड ६ मध्ये दोन वेगवेगळ्या 'बेरजा', त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. रेड ० मध्ये बेरीजही नाही, नक्कलही नाही. एक गेली की सगळं गेलं. हिशेबाच्या सर्व्हरवर त्याचं नावही काढू नका.

रेड (RAID) हे नाव रूढ झालं १९८८ साली, बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या शोधनिबंधातून. त्यातल्या 'आय' या अक्षराचा अर्थ तेव्हा 'स्वस्त' असा होता. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पीसीच्या स्वस्त डिस्क जोडून काम भागवायचं, ही मूळ कल्पना. पुढे कंपन्यांनी त्या 'स्वस्त'चं 'स्वतंत्र' करून टाकलं. विकायच्या मालाला स्वस्त कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र पक्की धरा. रेडमुळे मिळते ती मुदत. पहिली डिस्क गेली त्या क्षणी घड्याळ सुरू होतं आणि दुसरी जायच्या आत तुम्हाला सगळं आवरायचं असतं. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये या मुदतीतला फारसा वेळ डिस्क आणण्यात जात नाही, कारण सुटी डिस्क पलीकडच्या खोलीत असते. कळंबचं तसं नाही. लातूर किंवा बार्शीच्या दुकानात साधी डेस्कटॉपची डिस्क लगेच मिळते, सर्व्हरची एसएएस डिस्क बहुधा पुण्याहून मागवावी लागते. आज पैसे पाठवले तर उद्या-परवा सकाळी ट्रॅव्हल्सने पार्सल येतं. मध्ये रविवार आला, सण आला, की गेले चार दिवस. म्हणून माझा पहिला सल्ला असा की सर्व्हर घ्याल त्याच दिवशी त्याच जातीची एक डिस्क जास्तीची घ्या आणि सीलबंद कपाटात ठेवा. संचालक मंडळ विचारेल, न वापरता पडून राहणाऱ्या वस्तूवर खर्च कशाला? त्यांना गाडीची स्टेपनी दाखवा.

सर्व्हरमध्ये मोकळा खण असेल तर ती डिस्क 'हॉट स्पेअर' म्हणून आतच लावता येते. मग एखादी गेली की रेड सांभाळणारं कार्ड, म्हणजे कंट्रोलर, आपणहून तिला कामाला लावतो. सोय चांगली आहे, पण लोक मग लाल दिव्याकडे आणखीच दुर्लक्ष करतात, हाही अनुभव आहे.

आता डिस्क कोणती घ्यायची ते बघू. इथे घाई नको, कारण दुकानदाराचं 'सगळ्या सेम टू सेम असतात सर' हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. डेस्कटॉपच्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटभर किंवा जास्तही. सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी) यांसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते आणि कंट्रोलरला सांगते, हे तू दुसरीकडून काढून घे. कंट्रोलरला एवढंच हवं असतं. डेस्कटॉपवाली गप्प बसली की तो ती मेली असं समजून तिला बाहेर काढतो. अशा किती तरी धडधाकट डिस्क 'खराब' म्हणून कपाटात जातात.

दुसरी मेख लेखनपद्धतीची. काही डिस्कमध्ये पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवून जागा वाढवलेली असते. त्याला एसएमआर म्हणतात. एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली ओळ उचकटावी लागते, तसं इथे थोडं बदलायचं तरी बरंच पुन्हा लिहावं लागतं. रेडची पुनर्बांधणी चालू असताना अशी डिस्क रखडते, कधी बाहेरही फेकली जाते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या 'रेड' (Red, म्हणजे लाल) नावाच्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क याच जातीच्या होत्या. नंतर त्यांनी पट्ट्या एकावर एक न चढवणाऱ्या, म्हणजे सीएमआर, डिस्कसाठी 'रेड प्लस' असं वेगळं नाव काढलं. म्हणजे वेष्टनावरच्या नावावर जाऊ नका. मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा, तिथे सीएमआर लिहिलं असेल तरच घ्या. सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारी जांभळ्या लेबलची डिस्कही नको. तिची घडण सतत चित्रण लिहीत राहण्यासाठी असते, तिथे एखादी फ्रेम सुटली तर बिघडत नाही. तुमच्या खतावणीतली ओळ सुटून चालेल का?

मापाचंही बघा. नवी डिस्क जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान असली तर कंट्रोलर तिला बहुधा घेत नाही. मोठी चालते, पण सगळ्या डिस्क बदलेपर्यंत तिची जास्तीची जागा वाया. एसएएसच्या खणात साटा (डेस्कटॉपवाल्या जोडणीची) डिस्क बसते, उलट होत नाही. बसली तरी एकाच अ‍ॅरेत, म्हणजे डिस्कच्या संचात, दोन्ही जाती मिसळू नका.

आणि रेडची पातळी? मोठ्या डिस्कच्या रेड ५ ला माझा विरोध आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना फार तर एक वाचनदोष येऊ शकतो. इतके बिट म्हणजे सुमारे साडेबारा टेराबाइट. आता ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधली एक गेली, तर पुनर्बांधणीसाठी उरलेल्या तिघींवरचे १२ टेराबाइट झाडून वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्या निघतात हे खरं, पण ज्या रात्री दुसरा आधार नाही नेमक्या त्याच रात्री ही परीक्षा का घ्यायची? शिवाय चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून लावलेल्या असतात. वय एक, उन्हाळे तितकेच पाहिलेले.

एकाच वयाच्या डिस्क काय करू शकतात याचा मासला २०१९ च्या नोव्हेंबरात एचपीई कंपनीने जाहीर केला. त्यांच्या काही एसएएस एसएसडींमध्ये फर्मवेअरची अशी चूक होती की एकूण ३२,७६८ तास चालल्या की त्या बंद पडत आणि आतला डेटाही हाती लागत नसे. हिशेब केला तर ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एका दिवशी लावलेल्या सगळ्या डिस्क एकाच सुमारास जाणार, मग तिथे रेड १ असो की ६, उपयोग काय? उपाय एकच होता, आधीच नवं फर्मवेअर टाकून घेणं. म्हणून वर्षातून दोनदा सर्व्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या सूचना बघा आणि शक्य असेल तर जोडीतल्या दोन डिस्क वेगवेगळ्या लॉटच्या घ्या.

कळंबातल्या बहुतेक कार्यालयांचा सगळा हिशेब दोन-तीनशे जीबीच्या पुढे जात नाही. त्यांना चार-आठ डिस्कचा बडेजाव लागतच नाही. चांगल्या दर्जाच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये, तिसरी कपाटात, एवढ्यात भागतं. दवाखान्यात एक्स-रे, सीटीच्या प्रतिमा साठत असतील किंवा कॉलेजात चित्रफिती असतील, तर रेड ६ किंवा रेड १०. चार डिस्कचं रेड ५ तीन डिस्कइतकी जागा देतं आणि रेड ६ दोनचीच, ही तक्रार मी नेहमी ऐकतो. त्या हरवलेल्या एका डिस्कची किंमत आणि मार्चमधल्या एका बंद दिवसाची किंमत शेजारी मांडून बघा.

त्या पतसंस्थेत त्या दिवशी मी नवी डिस्क लगेच लावली नाही. साहेबांना ते पटेना. पण पुनर्बांधणी म्हणजे थकलेल्या तिन्ही डिस्कना शेवटपर्यंत पळवणं, आणि त्यातच दुसरी जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून आधी संपूर्ण डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून दोन सभासदांचे खातेउतारे छापील उताऱ्यांशी ताडून पाहिले आणि मगच पुढे गेलो. हा क्रम मोडू नका.

पुढचं काम हाताचं आहे. कोणती डिस्क काढायची हे दिव्यावरून नव्हे, अनुक्रमांकावरून ठरवा. कंट्रोलरच्या पडद्यावर खराब डिस्कचा खण आणि अनुक्रमांक दिसतो. तिथूनच त्या खणाचा दिवा लुकलुकवता येतो. इथे मी स्वतः एकदा सपशेल आपटलोय. पडद्यावर 'स्लॉट २' होतं, मी डावीकडून दुसरी ओढली. त्या कंट्रोलरची मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणजे खराब होती ती तिसरी. चांगली डिस्क हातात, खराब आत, अ‍ॅरे बंद, आणि काउंटरवर रांग. अशा वेळी सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपलीच बोटं. मी सर्व्हर बंद केला, डिस्क होती त्याच खणात बसवली आणि पुन्हा चालू केला. पडद्यावर 'फॉरेन कॉन्फिगरेशन' सापडल्याचा संदेश आला, खाली दोन पर्याय, 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर'. क्लिअर दाबलं असतं तर अ‍ॅरेची मांडणीच पुसली असती. इम्पोर्ट केलं, अ‍ॅरे परत उभा राहिला. तेव्हापासून प्रत्येक कॅडीच्या, म्हणजे डिस्क बसवायच्या चौकटीच्या, तोंडावर अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक चिठ्ठीवर लिहून चिकटवतो.

डिस्क काढताना कॅडीची मूठ उघडून ती इंचभरच बाहेर घ्या आणि अर्धा मिनिट थांबा. आतली तबकडी अजून गरगरत असते, हातात तिचा झोक जाणवतो. ती शांत झाली की पूर्ण ओढा. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उन्हात आलेली नवी डिस्कही लगेच लावू नका, दोन-तीन तास खोलीत राहू द्या. ती नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून आली असेल तर परत पाठवा.

पुनर्बांधणीला किती वेळ लागेल ते तोंडी काढता येतं. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरली तर साडेसात तास, १६ टेराबाइटची २०० एमबीने भरली तरी बावीस तास. हा वेग सर्व्हर रिकामा असतानाचा. काउंटर चालू असेल तर दुप्पट-तिप्पट धरा. म्हणून शनिवारी काम संपल्यावर सुरू करा आणि कुणीतरी रविवारी एकदा बघून या.

जागा वाढवायची असेल तेव्हा लोक एकेक डिस्क काढून मोठी लावतात, पुनर्बांधणी होऊ देतात, मग पुढची. चार डिस्क, चार पुनर्बांधण्या, चार वेळा जोखीम. शेवटी अ‍ॅरे वाढवायचा, मग विभाजन, मग फाइल सिस्टिम. विभाजन जुन्या एमबीआर पद्धतीचं असेल तर २ टेराबाइटच्या पुढची जागा दिसतच नाही, जीपीटी लागतं, हे तेव्हा कळतं. सर्व्हर थांबवताच येत नसेल तर हाच मार्ग. पण जोडून दोन सुट्ट्या मिळत असतील तर मी दुसरी पद्धत धरतो. पूर्ण बॅकअप, जुन्या डिस्क खणांचे क्रमांक लिहून एकदम बाहेर, नव्या डिस्कवर नवा अ‍ॅरे, त्यावर बॅकअप. काही फसलंच तर जुना संच जसाच्या तसा हाताशी असतो. महिनाभर त्याला हात लावू नका. एकेक करून काढलेल्या डिस्क म्हणजे वेगवेगळ्या दिवशीची सुटी पानं, त्यांची वही होत नाही.

बदललं म्हणजे सुटलो असं नाही. महिन्यातून एकदा अ‍ॅरे आपणहून सगळं वाचून ताडून बघतो ना, हे तपासा. डेबियन-उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये ही तपासणी बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी लागते, कंट्रोलरमध्ये 'पॅट्रोल रीड' आणि 'कन्सिस्टन्सी चेक' चालू करावे लागतात. वर्षभर कुणी न उघडलेल्या कोपऱ्यातला दोष पुनर्बांधणीच्या रात्री सापडू नये, एवढ्यासाठी हे. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या 'स्मार्ट' नोंदींत बदललेले सेक्टर आणि प्रलंबित सेक्टर हे दोन आकडे शून्यावरून हलले की लक्ष ठेवा, वाढत राहिले तर डिस्क बदला. सीआरसीचे, म्हणजे डेटा केबलमधून येता-जाता होणारे, दोष वाढत असतील तर आधी केबल बदला, डिस्कचा बळी देऊ नका. स्मार्टवर मात्र विसंबू नका. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

सर्व्हर मंद झाला आणि डिस्क मात्र सगळ्या हिरव्या, असं असेल तर कंट्रोलरची छोटी बॅटरी बघा. वीज गेल्यावर न लिहिलेला डेटा तीच धरून ठेवते. ती दमली की कंट्रोलर सावध होऊन प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो आणि वेग पडतो. सेटिंग बदलून जबरदस्तीने वेग वाढवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका, बॅटरी बदला.

विजेचं म्हणाल तर यूपीएस घेतात सगळे, पण यूपीएसमधून सर्व्हरला जोडायची यूएसबी केबल खोक्यातच पडून असते. ती जोडली तरच बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्च ते मे दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता आणि वायरमनकडून न्यूट्रल व अर्थिंगमधला दाब मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर दुरुस्ती करा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो तेव्हा बंद खोलीतली डिस्क पंचेचाळीस अंशांच्या खाली ठेवायला एसी नाहीतर निदान हवा खेचणारा पंखा लागतोच. सोयाबीनच्या हंगामात मार्केट यार्डाजवळच्या दुकानांत बारीक भुसा सर्व्हरच्या जाळीवर थर धरतो. तो सर्व्हर बंद करून काढा, आणि ब्लोअर मारताना आतले पंखे बोटाने धरून ठेवा.

रस्त्याला लागून शटरमागे सर्व्हर असेल तर आणखी एक. २०१६ च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवणाऱ्या गॅसची चाचणी घेतली. गॅस सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार काही तास ठप्प झाले. मिरवणुकीचा डीजे दारात थांबतो तेव्हा मला बुखारेस्ट आठवतं. एसएसडी असेल तर आवाजाची तेवढी चिंता नाही.

हे सगळं करूनही बॅकअप लागतोच. चुकून पुसलेली फाइल रेड त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसतं. २०१७ च्या जानेवारीअखेर गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. मग पाहिलं तर बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. अखेर सहाएक तासांचा डेटा गेला. तेव्हा महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक खाते खरोखर परत उघडून बघा. एक प्रत कळंबबाहेर ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी धाराशिव जिल्ह्याने पाहिली आहे, आणि मांजरेच्या काठच्या गावात तळमजल्यावरचा सर्व्हर व त्याच्याच कपाटातला बॅकअप एकाच पाण्यात जातो. व्यापाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.

काढलेल्या डिस्क भंगारात देऊ नका. त्यांवर सभासदांचे आधार क्रमांक, सह्या, फोटो असतात. चालू असेल तर पुसण्याची सोय वापरून पूर्ण पुसा, बंद असेल तर ड्रिलने तबकडीला आरपार भोकं पाडा, रजिस्टरला नोंद करून सही घ्या आणि ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्या. एसएसडीला एका भोकाने काही होत नाही, आतली प्रत्येक चिप फुटली पाहिजे.

त्या पतसंस्थेत मी ईमेलची सूचना लावून दिली, पण ते ईमेल कुणी उघडत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून शिपाईमामांना एक वही दिली. सकाळी देवाला उदबत्ती लावली की ते जिन्याखाली डोकावतात आणि तारखेपुढे लिहितात, '४ हिरवे'. वर्ष झालं, वही अर्धी भरली.

यंदा चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला येडेश्वरीच्या यात्रेच्या गर्दीत येरमाळ्यात गाडी अडकली होती, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"सर, तीन हिरवे, एक पिवळा हाय."

"कितवा?"

"चिठ्ठीवर एक्काहत्तर चौतीस लिव्हलंय. कपाटातली नवी डिस्क काढून ठिवू का?"

"काढून ठेवा, पण लावू नका," म्हटलं. "आधी साहेबांना बॅकअप सुरू करायला सांगा. मी येतोच."